एकवीस माणसं गुणिले दीड

माणसाला एका वेळी किती पुऱ्या लागतात, याचं खरं उत्तर आमच्या सोसायटीत कुणीही देत नाही. स्वतःपुरतं विचारलं तर जो तो म्हणतो, "छे, दोन खूप झाल्या." शेजाऱ्यासाठी किती धरायच्या असं विचारलं, की तोच माणूस गंभीर होऊन सांगतो, "आठ तरी धरा." मी प्रत्येकाच्या शेजाऱ्याचा आकडा धरला.

सहलीचा बेत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा. त्या मूर्तिशास्त्राच्या वर्गाला जातात आणि वर्ग नसेल त्या दिवशी आमचा घेतात. दिवे घाटातून सासवड, पुढं जेजुरी, मोरगावचा मयूरेश्वर आणि तिथून लोणी भापकर, असा रस्ता त्यांनी आखला. लोणी भापकरला मल्लिकार्जुनाचं यादवकाळातलं देऊळ आहे, समोर पुष्करणी आहे आणि यज्ञवराहाची मूर्ती आहे, हे त्यांनी जिन्यात भेटेल त्याला सांगितलं. वेळ उरला तर सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा बघायचे. ड्रायव्हर धरून २१ माणसं. खानपानाची जबाबदारी कुणाकडं द्यायची यावर चर्चाच झाली नाही. मी निवृत्त अभियंता, सारी नोकरी कालव्यांवर. "साहेब आयुष्यभर पाण्याचा हिशोब करत आले, त्यांना पुऱ्या काय जड?" असं सेक्रेटरी म्हणाले. मला ते कौतुक वाटलं.

मी तक्ता केला. पदार्थ, माणशी प्रमाण, एकूण, शेवटी शेरा. माणशी ८ पुऱ्या, म्हणजे १६८. आता कुठलाही अभियंता नुसत्या हिशोबावर भिंत उभी करत नाही, तो फॅक्टर ऑफ सेफ्टी लावतो. मी दीड लावला. २५२ पुऱ्या झाल्या. लहान पुऱ्या किलोभर कणकेत साठेक होतात, तेव्हा सव्वाचार किलो कणीक. आकडा पाहून मलाही जरा दचकायला झालं, पण सूत्र बरोबर होतं आणि सूत्र बरोबर असलं की मी दचकणं सोडून देतो. नोकरीत ही सवय उपयोगी पडते.

तरीही खात्री म्हणून मी तज्ज्ञांना विचारलं. पहिली तज्ज्ञ आमची आई, वय ब्याऐंशी, माहेर-सासर दोन्ही इंदापूर तालुक्यातलं. तिचा हिशोब अजून पायलीत चालतो. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. या मापांत एक खुबी आहे. पायरी चढायची म्हटलं की माप दुप्पटच होतं, मधला थांबाच नाही. नातू म्हणाला, "आजी बायनरीत बोलते." एक चिपटं कमी पडेल अशी शंका आली तर आई एक चिपटं वाढवत नाही, सरळ मापटं घेते. त्यापुढं माझा दीड म्हणजे संन्याशाचा हिशोब. शिवाय प्रवासाला पुऱ्या नेणं तिला मुळात पसंत नव्हतं. "दशम्या कर, दुधात भिजवून. पाण्याचा हात लागला न्हाई की दोन-तीन दिस ढिम्म हलत न्हाईत."

तिच्या या दुपटीमागं १९७२ आहे, हे मला ठाऊक आहे. त्या दुष्काळात दुष्काळी कामांवर सुकडी वाटायचे आणि रेशनवर लाल मिलो यायचा. मिलोची भाकरी मी खाल्लेली आहे, चव सांगत नाही. ज्या बाईनं तेव्हा चार पोरांना ती भाकरी समान वाटली, तिला "माणशी आठ" हा आकडा उधळपट्टी वाटायला हवा होता. पण झालं उलटंच. तेव्हापासून आमच्या घरात काहीही कमी पडलेलं नाही आणि फ्रीजमध्ये काहीही मावलेलं नाही.

दुसरे तज्ज्ञ एक आचारी, आमच्या घरच्या कार्याचे. ते म्हणाले, "किलोभर तांदळात आठ-दहा माणूस जेवतं, किलोभर रव्याचा शिरा वीस-पंचवीसांना पुरतो. पण साहेब, हा लग्नाचा हिशोब झाला. लग्नात माणूस चारचौघांत लाजतो. सहलीत लाजायला कोण असतं?" हे मला पटलं आणि मी दहीभाताचं प्रमाण वाढवलं.

तिसरी तज्ज्ञ थेट लंडनची. इझाबेला बीटन या बाईंचं गृहव्यवस्थापनाचं जाडजूड पुस्तक १८६१ मध्ये निघालं. आपल्याकडं लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' यायला १९१० उजाडलं आणि कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आली १९७० मध्ये. बीटनबाईंनी ४० माणसांच्या सहलीची यादीच देऊन ठेवली आहे. चार भाजलेल्या कोंबड्या, दोन बदकं, सहा शेवंडं, कबुतराच्या मांसाचं सारण भरलेले दोन 'पाय' (pie), कोकरांचे, गाईचे आणि वासराचे निरनिराळे अवयव, सॅलडच्या सहा टोपल्या. शिवाय डझनांनी बिअर आणि सोड्याच्या बाटल्या, शेरी, क्लॅरेट आणि शॅम्पेन जशी मर्जी. बुचं काढायचे स्क्रू तीन, कारण एक हरवणार हे बाईंना माहीत होतं. आणि शेवटी पाण्याबद्दल त्या सांगतात की ते बहुधा कुठंही मिळतं, उगाच वाहून नेऊ नये.

ही सूचना मला फार आवडली. तक्त्यात पाण्यापुढं मी शेरा लिहिला, 'दोन जार. कमी पडल्यास वाटेत.' आईनं विचारलं होतं, "आन् पाण्याचं रं?" मी तिला म्हणालो, "आई, वाटेत पुष्कळ मिळतं." ती म्हणाली, "बरं." आईच्या 'बरं'चे दोन अर्थ होतात आणि मला पन्नास वर्षांत दुसरा कळलेला नाही.

इथं थोडा भूगोल सांगायला हवा. मी इंदापूर तालुक्यातला आणि पेशानं कालव्याचा, तरी मी तो त्या दिवशी विसरलो, म्हणून वाचकाला तरी माहीत असावा. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारनं नीरा डावा कालवा खोदला, तो १८८५ पासून वाहतोय. त्यानं बारामती तालुक्याचे दोन तुकडे केले. कालव्याच्या खालच्या अंगाला ऊस, ते बागायत. वरच्या अंगाला ज्वारी-बाजरी आणि टँकर, तो जिरायत भाग. लोणी भापकर जिरायतात. अलीकडं जनाई-शिरसाई आणि पुरंदर या उपसा योजनांचं पाणी त्या भागात फिरतं, पण उपशाचं पाणी म्हणजे पंप, वीज आणि बिल यांच्या मर्जीचं पाणी. लंडनच्या बाईंचा शेरा मी नेमका या मुलखाला लावला होता.

सहलीच्या पहाटे बसपाशी आलो आणि फॅक्टर ऑफ सेफ्टी या विषयातलं एक नवं ज्ञान मला झालं. हा गुणांक फक्त माझ्याकडंच नव्हता. मी २५२ पुऱ्यांचा आकडा दिला होता, आमच्या सौभाग्यवतींनी "सव्वाचार किलो कुठं मोजत बसू, नि कमी पडल्या तर तोंड मला दाखवायचंय" म्हणून पाच किलोच्या केल्या. म्हणजे ३००. बटाट्याची कोरडी भाजी दुसऱ्या मजल्याकडं होती, त्यांनी माझ्या दीडपटीला स्वतःची दीडपट लावली. दहीभाताचं पातेलं दोघांनी धरून आणावं लागलं. शिवाय ज्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं ते सगळे "घरचं थोडंसं" घेऊन आले होते. थेपले, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा, दोन प्रकारचा चिवडा, रव्याचे लाडू. दीड गुणिले दीड गुणिले दीड म्हणजे तीन पूर्णांक तीन-अष्टमांश होतात. हे मी तिथल्या तिथं तोंडी केलं आणि कुणालाही सांगितलं नाही.

बसची डिकी भरली. भाताचं पातेलं बाहेर राहिलं. जागा करायची तर काय काढायचं? लाडूंचा डबा काढला असता तर चौथा मजला मला आयुष्यभर बोलला नसता. मी एक जार उचलला आणि वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवला. "एक आहे की आत," मी सगळ्यांना सांगितलं. "नि वाटेत मिळतंच."

कालव्याच्या कामात वहनव्यय नावाची गोष्ट असते. धरणातून सोडलेलं पाणी सगळंच शेतावर पोचत नाही, वाटेत काही झिरपतं, काही उडून जातं, काही लोक काढून घेतात. त्याचं प्रमाण काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. बसमधल्या वीस लिटरच्या जारचा वहनव्यय असा: दिवे घाट चढल्यावर ड्रायव्हरनं बोनेट उघडलं आणि "साहेब, जरा पाणी द्या" म्हणून चारेक लिटर रेडिएटरला पाजलं. जेजुरीला नवलाख पायरीचा गड चढून उतरून आल्यावर सगळ्यांनी बाटल्या भरल्या. भंडाऱ्यानं पिवळे झालेले हात धुतले. एका आजोबांनी पाय धुतले. ते आजोबा आहेत म्हणून कुणी काही बोललं नाही आणि पाय दोन होते. मोरगावला नातवंडांची पुन्हा बाटल्यांची पाळी झाली. तिथं रांगेनं दुकानं होती, बाटलीबंद पाण्याचे बॉक्स बाहेर मांडलेले होते. सौ. म्हणाल्या, "एक बॉक्स घेऊया का?" मी म्हणालो, "जार भरलेला असताना पाणी विकत? कमाल आहे." जार बॅगांच्या खाली गेला होता. साठा किती उरला हे रोज सकाळी मोजून कळवायची सक्ती मी हाताखालच्या लोकांवर वर्षानुवर्षं केली होती.

लोणी भापकर सुंदर आहे. चौकोनी पुष्करणीच्या भिंतींत ओळीनं कोनाडे आहेत, काठावर नक्षीच्या खांबांचा मंडप आहे. मंडप नंदीचा वाटतो, पण काकू म्हणाल्या, तो वराहाचा असावा आणि देऊळही मुळात विष्णूचं असावं असं अभ्यासक मानतात. यज्ञवराहाच्या अंगावर झूल घातल्यासारख्या लहान लहान मूर्ती कोरल्या आहेत. त्या एकेक मोजायला लावल्या काकूंनी. ज्यानं हे बांधलं त्यानं या कोरड्या मुलखात आधी पाण्याची जागा केली आणि मग त्याभोवती देखणेपणा रचला, असं काहीसं त्या सांगत होत्या. मी ऐकत होतो, पण घसा कोरडा पडल्यामुळं मान नुसती हलवली.

देवळाच्या आवारात जेवायचं नाही, हा काकूंचा नियम. गावात दुकानं होती, पण "आधी जागा धरू, ऊन वाढतंय" असं मीच म्हणालो. ड्रायव्हरनं गाव सोडून बरंच पुढं, माळावर एका कडुलिंबाखाली बस लावली. सतरंज्या पडल्या. डबे उघडले. एकवीस माणसांपुढं साठ-सत्तर माणसांचं जेवण मांडलं गेलं आणि मला एक क्षण खरंच अभिमान वाटला. ठेचा फिरला. चटणी फिरली. तिखटमिठाच्या पुऱ्या फिरल्या. मग पहिली उचकी लागली.

"पाणी घ्या," मी म्हणालो आणि जार ओढला. तो एका बोटावर आला.

तळाशी तांब्याभर होतं. ते मुलांना दिलं. मग बाटल्यांचा शोध सुरू झाला. पुढच्या सीटवाल्यांच्या बाटल्यांत थोडं थोडं निघालं, मागच्या बाकड्यावरच्या एकाकडंही थेंब नव्हता. कालव्याच्या भाषेत याला टेल कोरडं राहणं म्हणतात. हेडवाले भिजवून घेतात आणि टेलवाले अर्ज करतात. मागच्या बाकड्यानं अर्ज तोंडीच केला आणि त्याची भाषा इथं छापता येणार नाही. इंदापूर तालुका हे नीरा डाव्या कालव्याचं टेल, त्यामुळं अशी भाषा मी लहानपणापासून ऐकलेली आहे, फक्त ती मला उद्देशून नसायची.

चिवडा, थेपले, ठेचा, चटणी, पुऱ्या, धपाटे. माझ्या तक्त्यात पाण्याशिवाय घशाखाली उतरेल असा एकच पदार्थ होता, दहीभात. त्यावर सगळे तुटून पडले आणि पातेलं संपलं. उरलेल्या अन्नाकडं बघायला कुणी तयार होईना. दुसऱ्या मजल्यावरचे काका उठले, माझ्या खांद्यावर रिकामा जार ठेवला आणि म्हणाले, "चला साहेब. सर्वेक्षण करू."

चढावर एक वस्ती दिसत होती आणि तिथून स्पीकरवर टाळमृदंग येत होता. जवळ गेलो तर मांडव. हरिनाम सप्ताहाची सांगता होती, काल्याचं कीर्तन नुकतंच संपून पंगती बसत होत्या. दारातच एकानं हात जोडले. "या माउली. बसा."

"आम्हाला फक्त पाणी हवंय," मी जार दाखवला.

"पानी जेवनाबरुबर मिळंल."

"नाही हो, आमचं जेवण आहे. भरपूर आहे. आणखी माणसं पण आहेत खाली."

"किती?"

"आम्ही धरून एकवीस."

त्यानं मागं वळून एका पोराला हाक मारली, "मोटरसायकल घे, खाली पावनं हायेत, घिऊन ये." पोरगं गेलंसुद्धा. माझ्या म्हणण्यातला 'भरपूर' हा शब्द त्याच्या कानाला लागलाच नव्हता.

पंगतीत बसलो. पहिल्यांदा पाणी आलं, स्टीलच्या जगातून, आणि मी ते किती प्यालो हे सांगणार नाही. वांग्याची भाजी, भात, आमटी, बुंदी. बसमधली माणसं आली आणि ओळीनं बसली. घरी "दोन खूप झाल्या" म्हणणाऱ्यांनी बुंदीला तिसऱ्यांदा हात पुढं केला. आचाऱ्यांचा सल्ला चुकीचा निघाला, इथं चारचौघं होते आणि कुणीही लाजत नव्हतं.

मला व्यावसायिक कुतूहल होतं. जेवण झाल्यावर चुलवणाशी गेलो. घामाघूम आचारी काहिलीत डाव फिरवत होते. विचारलं, "किती माणसांचा अंदाज धरला होता?"

"हजाराचा."

"आणि जास्त आली तर?"

त्यांनी डावानं बाजूचा वाफाळता हंडा दाखवला. आधणाचं पाणी होतं. "त्यो कशाला ठिवलाय? मानूस वाढलं की आमटी लांबवायची. मीठ-तिखट तेवढं बघायचं."

"आम्ही एकवीस आलो."

"दोन तांबं टाकलं," ते म्हणाले.

पाच किलो कणीक, सुरक्षेचे तीन गुणांक, लंडनच्या बाई, आईची पायली, आणि आमची सगळी सोसायटी इथं दोन तांब्यांत बसली होती. त्यातही मी जो पदार्थ केबिनमध्ये ठेवून आलो होतो, त्याचेच तांबे.

एवढ्यावर भागलं असतं. पण दुसऱ्या मजल्यावरचे काका मांडवात गप्पा मारत बसले होते आणि पाहुणचारानं भारावून त्यांनी जाहीर केलं, "आमचे साहेब इंजिनिअर आहेत बरं का, कालव्यावरचे!" मांडवात शांतता पसरली. मग दहा-बारा टोप्या माझ्याकडं वळल्या. मला खुर्ची आली, चहा आला.

"सायेब, आमच्याकडचं आवर्तन कवा सुटतंय?"

मी घाईघाईनं सांगितलं की मी निवृत्त आहे, नोकरी सगळी खानदेशात आणि विदर्भात झाली, इथलं पाणी कधीच माझ्या हातात नव्हतं. कुणाचाही विश्वास बसला नाही. सरकारी माणूस असंच म्हणणार, हे त्यांना माहीत होतं. मग मी शास्त्राचा आधार घेतला. बोटानं मातीत रेघ ओढली, हा कालवा, ही तुमची जमीन, ही उंचीवर, आणि पाणी काही आपण होऊन चढ चढत नाही.

एक म्हातारबाबा रेघेकडं बराच वेळ बघत होते. "त्ये ठावं हाय," ते म्हणाले. "पर सायेब, पानी न्हाई चढत म्हनून तुमी जार घिऊन चढलाच की वर."

सगळे हसले. मीही हसलो. माझ्या नोकरीत उपसा सिंचनाची व्याख्या इतक्या थोडक्यात कुणी केली नव्हती. पाणी मागायला आलेल्या माणसाकडं पाणी मागितलं जात होतं, आणि मांडवाबाहेर उभा असलेला टँकर त्यांनीच वर्गणीतून आणलेला होता. त्याच टँकरमधून त्यांनी माझा जार तोंडोतोंड भरून दिला.

परतफेड म्हणून मी बसमधून पुऱ्यांचे डबे आणवले. "प्रसादाला जोड म्हणून घ्या." त्यांनी झाकण उघडून आदरानं पाहिलं आणि परत लावलं. "ऱ्हाऊ द्या सायेब. लांब जायाचंय तुमाला, वाटंत लागत्याल." आणि "पोरास्नी" म्हणून बुंदीची पाच किलोची पिशवी वर ठेवली. पुण्याहून निघताना होतं त्याहून जास्त अन्न घेऊन मी परत निघालो. असा ताळेबंद मी सेवाकाळात एकदाच पाहिला होता आणि त्याची चौकशी लागली होती.

अभयारण्य आलं तेव्हा बसमध्ये घोरण्याशिवाय आवाज नव्हता. चिंकारांनी आम्हाला पाहिलं असल्यास कल्पना नाही.

रात्री सोसायटीच्या आवारात उरलेल्या अन्नाचं वाटप झालं. प्रत्येकजण दुसऱ्याच्या हातात डबा कोंबत होता. "तुम्ही न्या हो, मुलं आहेत तुमच्याकडं." "छे, आम्ही दोघंच, तुम्हीच न्या." पहाटे जी दीडपट प्रत्येकानं अभिमानानं आणली होती ती आता कुणाचीच नव्हती. शेवटी प्रमुख या नात्यानं पुऱ्यांचे डबे माझ्याकडं राहिले. आई जागी होती. डबे पाहून तिनं काही विचारलं नाही. एक पुरी उचलून मोडली आणि म्हणाली, "दशमी असती तर परवापर्यंत चालली असती." पुढं काही दिवस आमच्याकडं सकाळी पुरी चहात, दुपारी पुरीचा कुस्करा आणि रात्री पुरीचं जे झालं त्याला अजून नाव पडलेलं नाही.

पुढच्या सहलीच्या वेळी सोसायटीनं ठराव केला. खाण्याचं सगळं सेक्रेटरींकडं आणि माझ्याकडं फक्त पाणी. मी नव्यानं तक्ता केला. माणशी ३ लिटर, २१ माणसं, ६३. गुणिले दीड. वहनव्यय वेगळा धरला, रेडिएटर वेगळा, आजोबांचे पाय वेगळे. सात जार झाले. जागा करायला मी या वेळी लाडूंचा डबासुद्धा काढायला लावला, चौथा मजला बोलत नाही अजून.

सहल भाटघरला होती. ब्रिटिशांच्या काळातलं धरण, पोटात साडेतेवीस टीएमसी पाणी धरतं, आणि तेच पाणी नीरेतून खाली उतरून बारामती-इंदापूरच्या कालव्याला जातं. जलाशयाच्या काठाशी बस लागली. मी एकेक करून सातही जार सावलीत उतरवून घेतले, ओळीनं मांडले आणि मोजले. ड्रायव्हर तोच होता. त्यानं समोर पसरलेल्या पाण्याकडं पाहिलं, जारांकडं पाहिलं आणि टोपी मागं सारत विचारलं, "साहेब, हे धरणात ओतायचेत का?"